तुलनेच्या सऱ्या

प्रपोजल लिहिणं हे माझं काम होतं आणि ते मला चांगलं यायचं. बढाई म्हणून सांगत नाही. आमच्या संस्थेत पिकातलं माझ्याहून जास्त कळणारी माणसं होती. पण निधी देणाऱ्यांपुढे एखादी गोष्ट मांडायची वेळ आली की सगळ्यांच्या माना माझ्या टेबलाकडे वळायच्या. प्रपोजल म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम, असं मी म्हणायचे. खोटं बोलायचं नाही, पण पोहे मात्र नीट करायचे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. मंचरहून नारायणगावला जाताना हायवेला लागूनच आमची छोटी शेती संस्था होती. थोडी जमीन, चार खोल्या, एक जुनी जीप आणि सर. सर म्हणजे कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक. संस्था त्यांनीच काढलेली, त्यामुळे भिंतीतला खिळान् खिळा त्यांच्या ओळखीचा. मी एम.एस्सी. करून लग्नानंतर मंचरला आले आणि लगेच त्यांच्याकडे कामाला लागले. आम्ही दोघंही तापट. एकमेकांवर आवाज चढवायचा आणि चहा आला की गप्प बसायचं, असं आमचं चालायचं.

तेव्हा आमच्याकडे टोमॅटोचा प्रकल्प होता. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आमच्या भागात फवारणीवर फवारणी चालायची. माणसं पाठीवर पंप घेऊन सऱ्यांमधून फिरायची, डोळे चुरचुरायचे, आणि तरी नारायणगावच्या बाजारात पेटी उघडली की वरच्या थरातच एखादं भोक पडलेलं फळ निघायचं. आमचं म्हणणं असं होतं, की अळी मारत बसण्यापेक्षा तिचं अंडंच फुकट घालवावं. त्यासाठी डोळ्याला जेमतेम दिसणारी एक माशी असते. ती आपलं अंडं अळीच्या अंड्यात घालते, आणि मग अळी जन्मालाच येत नाही. अशा माश्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्या ज्यातून बाहेर पडणार ती अंडी कार्डावर चिकटवायची, कार्डाच्या पट्ट्या कापून टोमॅटोच्या पानाखाली टाचायच्या. बाकी काम माशीचं. शेतकरी त्याला नुसतं ‘कार्ड’ म्हणायचे.

प्रयोगशाळा म्हणजे मागची पत्र्याची खोली. या माशीला वाढायला दुसऱ्याचं अंडं लागतं, म्हणून आधी धान्यातला पतंग पाळावा लागतो. ट्रे भरून भरडलेली ज्वारी आणि त्यात मुद्दाम सोडलेले किडे. माझ्या सासूबाईंना हे ऐकून हसावं की रडावं कळेना. “आमचा जन्म गेला धान्यातले किडे निवडण्यात,” त्या म्हणाल्या, “आणि तू पगार घेऊन ते पाळतेस!”

त्या खोलीत शेजारच्या गावातल्या तिघी बायका काम करायच्या. तिघींतली थोरली सगळ्या गावाची वहिनी होती, म्हणून आमचीही वहिनीच. उंच, खणखणीत आवाजाची, चौथी शिकलेली. नवरा पारगावकडे कारखान्यावर हंगामी कामाला. प्रयोगशाळा तिनं आपल्या स्वयंपाकघरासारखी ताब्यात घेतली होती. एखाद्या ट्रेचं झाकण नीट बसलं नाही तर झाकण लावणारीच्या माहेरपर्यंत उद्धार व्हायचा. मला ती ‘मॅडम’ म्हणायची, पण ते म्हणताना तिच्या आवाजात फारशी भीती नसायची.

प्रकल्पाचा पहिला टप्पा संपत आला होता. दुसरा मंजूर झाला तर प्रयोगशाळा चालणार. नाही झाला तर पत्र्याच्या खोलीला कुलूप, आणि या तिघी पुन्हा दुसऱ्याच्या वावरात रोजंदारीनं खुरपायला. मला हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

मंजुरीला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे तुलना. वहिनीच्या गावातल्या ज्या टोमॅटोच्या वावरांत आमचा प्रयोग होता, तिथं प्रत्येक ठिकाणी कडेच्या काही सऱ्या आम्ही आखून घेतल्या होत्या. त्यांना काहीच करायचं नाही. कार्ड नाही, फवारणी नाही. अळी पडली तर पडू द्यायची. बाकीच्या वावरात कार्डं टाचायची, अळीला ओढून घ्यायला कडेनं झेंडू लावायचा. मग दोन्हीकडची किडकी फळं मोजून फरक दाखवायचा. पहिल्या प्रपोजलमध्ये हे सगळं एका वाक्यात बसलं होतं.

वावरात ते बसायला जड गेलं. रस्त्याच्या कडेला एका जोडप्याची जमीन होती. तिथली मालकीण, मी त्यांना काकू म्हणायचे, सुरुवातीलाच मला म्हणाल्या होत्या, “म्हंजे एका पंगतीत याला वाढायचं आन त्याला उपाशी उठवायचं?”

“शास्त्र आहे ते, काकू.”

“आसंल,” त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

काकांनी मात्र शब्द दिला होता. त्या सऱ्यांतली झाडं हळूहळू कळकट दिसायला लागली, तसे रस्त्यानं जाणारे थांबून चेष्टा करायचे. “काय राव, ह्या सऱ्या सवतीच्या हायेत का?” काका हसण्यावारी न्यायचे. काकू हसायच्या नाहीत.

संक्रांतीच्या सुमाराला मी पुण्यात अडकले. दुसऱ्या टप्प्याचं प्रपोजल टाइप करून घ्यायचं होतं, आणि मंचरला वीज गेली की कॉम्प्युटरवाला दुकान बंद करून घरी जायचा. फ्लॉपी घेऊन मी नणंदेकडे मुक्काम ठोकला. वावरातल्या नोंदी घेणारे आमचे सहाय्यक काविळीनं आजारी पडले. त्यामुळे काही आठवडे त्या सऱ्यांकडे संस्थेतलं कुणी फिरकलंच नाही. मी निर्धास्त होते. अळीला काय माझी देखरेख लागते थोडीच.

रथसप्तमी होऊन गेल्यावर निधी देणाऱ्या समितीतल्या एक कीटकशास्त्रज्ञ बाई पाहणीला आल्या. मी त्यांना आधी काकूंच्याच वावरात नेलं, कारण जीप बांधापर्यंत जायची. कार्डांचा भाग झकास होता. झाडं हिरवीगार, फळ चकचकीत. बाई खूश झाल्या. “आता तुलनेच्या सऱ्या दाखवा,” त्या म्हणाल्या.

“ह्याच की,” काका म्हणाले.

मी बघितलं. तिथंही फळ चकचकीत होतं. बाई खाली बसल्या. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्या पानाखाली कार्डाची पट्टी टाचलेली होती. टाचणीच्या बाजूला हळदीकुंकवाचं बोटसुद्धा लावलेलं होतं.

“हे कुणी लावलं?” मी विचारलं.

“मी,” काकू म्हणाल्या. त्यांनी एवढंसंही लपवलं नाही. “वाणाचं हाय ते. वहिनीकडं हळदीकुंकू व्हतं ना. आवंदा तिनं वाट्या, कंगवे असलं काय लुटलं न्हाई, कार्डं लुटली. घरी आणून बगितलं, तर बाकीच्या वावराला तुमची कार्डं हायेतच. ह्या सऱ्याच तेवढ्या बिनकार्डाच्या. मंग हितंच टाचलं. दुसरं कुटं टाचू?”

समितीच्या बाईंनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि काकूंना विचारलं, “किती जणींना दिली कार्डं?”

“आल्या त्या समद्यांना. हळदीकुंकवाला आलेली बाई रिकाम्या हातानं जाती व्हय?”

बाई जीपमध्ये बसून गेल्या. मी तडक प्रयोगशाळेत गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तिघींच्या देखत बोलले. दोन वर्षांचं काम पाण्यात घातलंत, तुमच्याच पोटावर पाय आणलात, कुणाला विचारून कार्डं वाटलीत, उद्याच्या उद्या घरोघरी जाऊन सगळी गोळा करून आणा.

वहिनी शांतपणे ट्रे चाळत होती. चाळणी बाजूला ठेवून ती म्हणाली, “उरलेली व्हती, मॅडम. तुमची गरज भागून उरलेली. माशी बाहीर पडली की कार्ड वाया. टाकून द्यायची का? आन गोळा कशी करू? दिलेलं वाण माघारी मागत्यात व्हय?”

“मग मला तरी विचारायचं!”

“तुमी पुण्याला,” ती म्हणाली. “आन वाटू नका, असं तरी कुनी सांगितलं व्हतं?”

तेही खरंच होतं. कार्ड कसं बनवायचं ते आम्ही शिकवलं, कसं टाचायचं ते शिकवलं. कुणाला द्यायचं नाही हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण राग असला की माणसाला खरं ऐकवत नाही. मी दार आपटून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी किती नुकसान झालंय ते बघायला मी गावातली सगळी वावरं पालथी घातली. रागानं चालत होते, म्हणून नीट बघत होते. प्रयोगाच्या प्रत्येक वावरात तोच प्रकार. जिथं कार्ड नको तिथंच कार्ड. कोणत्याही तुलनेच्या सरीत तुलना उरली नव्हती. मग मी परत फिरताना प्रयोगात नसलेल्या वावरांतून आले, आणि माझी पावलं हळूहळू मंद झाली. तिथंही पट्ट्या होत्या. पानाखाली, सावलीच्या बाजूला, नीट टाचलेल्या. एका बांधावर एक म्हातारा नातवावर ओरडत होता, “आज फवारा मारायचा न्हाई! तुझ्या आयनं कार्ड लावलंय, ती माशी मरंल ना!” आमच्या सहाय्यकांनी दोन वर्षं सभा घेतल्या, तक्ते टांगले, स्लाइड दाखवल्या, आणि निम्मं गाव पेंगत होतं. त्याच गावानं एका हळदीकुंकवाला फवारणी थांबवली होती. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही, पण गेला.

सरांना हे सांगितलं, तर ते कपाळाला हात लावून बसले. “या हंगामाच्या नोंदी दाखवूच नको,” ते म्हणाले. “मागच्या हंगामाचे आकडे चांगले आहेत, तेवढे पुरेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“समितीच्या बाईंनी मूठ उघडून बघितलीय, सर.”

“मग काहीतरी कारवाई दाखवावी लागेल. त्या बाईला कामावरून कमी कर. निदान शिस्त तरी दिसेल.”

“तिला कमी केलं तर प्रपोजल तुम्ही लिहा.”

“परवा तू तिच्यावर ओरडत होतीस ते अख्ख्या हायवेनं ऐकलं!”

“ओरडणं वेगळं, काढणं वेगळं.” चहा आला. आम्ही गप्प बसलो. कप खाली ठेवताना सर म्हणाले, “लिही तुला काय लिहायचंय ते. पण पुण्यात उत्तरं तूच द्यायचीस.”

मी पुण्यात टाइप केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि नव्यानं लिहायला बसले. ‘अडचणी’ या मथळ्याखाली लोक पाऊस आणि भारनियमन लिहितात. मी लिहिलं, की आमच्या तुलनेच्या सऱ्या गावातल्या बायकांनी वाणाची कार्डं लावून वाचवल्या, त्यामुळे या हंगामाचे आकडे प्रयोग म्हणून निरुपयोगी आहेत. दुसऱ्या टप्प्यात किडक्या सऱ्या कुणा शेतकऱ्याच्या गळ्यात घालायच्या नाहीत. त्या संस्थेच्या जमिनीत, हायवेलगत, संस्थेच्या बोर्डाखाली ठेवायच्या. कुणी हसलं तर आम्हाला हसेल. आणि ‘विस्तार’ या मथळ्याखाली मी सभा, तक्ते, स्लाइड सगळं खोडून हळदीकुंकू लिहिलं. कर्मचाऱ्यांच्या पानावर वहिनीचं पद ‘विस्तार कार्यकर्ती’ असं टाकलं. शिक्षणाच्या रकान्यात ‘चौथी पास’. हे लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. आजवर लिहिलेल्या प्रपोजलांपैकी हे सगळ्यात चांगलं आहे, हे मला शेवटच्या पानाच्या आधीच कळलं होतं.

पुण्यातल्या त्या लांबट खोलीत अध्यक्षांनी आधी कर्मचाऱ्यांचंच पान उघडलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “ज्या बाईनं तुमचा प्रयोग मोडला, तिलाच पगारावर घ्या म्हणता?”

“हो साहेब. तुमच्या योजनेचं नाव संशोधन आणि विस्तार असं आहे. संशोधन फसलं, ते मी लिहिलंय. विस्तार तिनं करून दाखवला.”

“एका गावातल्या बायकांनी एकमेकींना काहीतरी दिलं, याला विस्तार म्हणत नाहीत. गावाबाहेर गेलं का ते?”

“अजून नाही.”

“जाईल?”

“जाईल.”

“कशावरून?”

“बायकांची माहेरं दुसऱ्या गावात असतात, साहेब.”

कुणीतरी हसलं. पाहणीला आलेल्या बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या. “मी ती पट्टी बघितलीय,” त्या म्हणाल्या. “बरोबर टाचलेली होती.” एवढंच. अध्यक्षांनी पान उलटलं.

उन्हाळ्यात पत्र आलं. दुसरा टप्पा मंजूर. तुलनेच्या सऱ्या संस्थेच्या जमिनीत ठेवण्याची सूचना मान्य. पण वहिनीच्या पदापुढे एक अट होती. पद एका वर्षापुरतं. कार्ड त्या गावाच्या बाहेर आपणहून गेल्याचा पुरावा मिळाला तरच पुढे, नाहीतर रद्द. अध्यक्षांनी माझं उत्तर माझ्याच गळ्यात बांधलं होतं.

मी पत्र घेऊन पत्र्याच्या खोलीत गेले. त्या भांडणानंतर वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी अटीसकट सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दोघींनी टाळ्या पिटल्या. वहिनीनं विचारलं, “म्हंजे येत्या संक्रांतीला बी वाटायची ना कार्डं?”

“आता वाटावीच लागतील. तेच तुमचं काम.”

“मंग एवढं वरडलात कशाला?” ती म्हणाली आणि पुन्हा ज्वारी चाळायला लागली. पण त्या दिवशी तिनं माझ्यासाठी डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढून ठेवली, म्हणजे मिटलं.

पुढच्या हंगामात संस्थेच्या बोर्डाखाली टोमॅटोच्या सऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांना काहीही न करण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. वहिनीकडे ती देण्यात अर्थ नव्हता. तिनं आधीच सांगून टाकलं होतं, “मला तिकडं पाठवू नका. माझ्यानं बघवायचं न्हाई.” मला वाटलं होतं, काही न करायला काय लागतं? पण अळी पडायला लागली आणि माझे हात शिवशिवायला लागले. रोज सकाळी त्या झाडांजवळून जाताना वाटायचं, निदान ही चार भोकाची फळं तरी तोडून लांब फेकावीत. शेअर जीप थांबली की आतून कुणीतरी ओरडायचं, “मॅडम, संस्थेची दवा संपली वाटतं!” मी वरवर हसायचे आणि आत जाऊन सहाय्यकावर उखडायचे. काकू का हसत नव्हत्या ते मला त्या हंगामात पुरतं उमगलं. पाहुण्यांच्या रस्त्यावर आपलं पीक असं उभं करणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि मी ती एका वाक्यात मागितली होती.

संक्रांत आली. वहिनीनं कार्डं वाटली, या खेपेला दिवसाउजेडी आणि टेम्पोत बसून आणखी दोन वस्त्यांवरही. पण त्या वस्त्या त्याच गावच्या. समितीचं पत्र आलं की थोड्याच दिवसांत वर्षाचा आढावा होईल, पुरावा तयार ठेवा. माझ्याकडे पुरावा नव्हता. शेजारच्या गावांत मी माणसं पाठवली, ती हात हलवत परत आली. वहिनी काही विचारायची नाही. ट्रे मात्र जरा जास्तच जोरात आपटायची. मी पहिल्यांदाच घाबरले होते, आणि ते तिला दिसू नये म्हणून आणखी मोठ्यानं बोलत होते.

अशाच एका दुपारी मी त्या किडक्या सऱ्यांशी उभी असताना मंचरकडून आलेली जीप थांबली. एक बाई उतरली. पन्नाशीची असेल. डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी. तिनं आधी झाडांकडे बघितलं, मग बोर्डाकडे, मग माझ्याकडे.

“ह्याला कार्ड लावलं न्हाई व्हय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “कसलं कार्ड?”

“आगं बया!” ती म्हणाली. “एवढी मोठी संस्था आन तुमाला ठावं न्हाई? अंड्याचं कार्ड आसतंय. त्यातनं बारकी माशी निघती, ती अळी व्हऊच देत न्हाई. माझी सून माहेरास्नं घिऊन आली हळदीकुंकवाचं. आमच्या आळीत समद्यांनी लावलंय.” पिशवीत हात घालून तिनं कागदात गुंडाळलेली एक पट्टी काढली. “ही बहिणीला देनार व्हते, पर तुमालाच घ्या. लई हाल चाललेत ह्यांचं. पानाच्या खाली टाचायची. सांजच्याला, उनात न्हाई. आन फवारा आजाबात मारायचा न्हाई, सांगून ठिवते.”

तीन वर्षं जे मी लिहीत आणि शिकवत होते, ते सगळं मी मान हलवत पहिल्यापासून ऐकून घेतलं. मधे बोलावंसं वाटलं नाही. मग मी तिला गाव विचारलं. तिनं सांगितलं ते गाव घोड नदीच्या पल्याड होतं. आमची जीप तिथं कधी गेली नव्हती. आमचं कुणीच तिथं कधी गेलं नव्हतं.

मी पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

“बगत काय राहिल्या?” ती म्हणाली. “टाचा की!”